पद्मिनीला ट्विन बॅरल कार्ब टाकायचाय? आधी शाफ्ट हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी, दोन वर्षांपूर्वी हाफ इंजिन (रिंगा, व्हॉल्व्ह वगैरेचं काम) झालंय, कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, मूळचा सिंगल बॅरल (एकाच घशाचा) सोलेक्स. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला दम टाकते, सिग्नलला स्लो (पाय काढल्यावरची संथ चाल) टिकत नाही, ॲव्हरेज 11. कुणीतरी सांगितलं वेबर 32/36, म्हणजे मोठा ट्विन बॅरल (दोन घशांचा) कार्ब टाका, गाडी उडेल. तर टाकू का, आणि टाकायचा झाला तर काय काय करावं लागेल?

वेबर टाकू नका. कार्ब बदलायचाच नाही असं नाही म्हणत मी, बदलण्यात मजा आहे आणि फायदाही आहे, पण तुम्ही जी तीन लक्षणं लिहिलीत ना, दम, स्लो आणि ॲव्हरेज, ती तिन्ही एकदम आली की कार्ब लहान पडतोय असा अर्थ होत नाही. कार्ब लहान पडला तर गाडी खाली छान चालते आणि वर, म्हणजे चार हजार आरपीएमच्या पुढे, श्वास कोंडल्यासारखी होते. सिग्नलला बंद पडत नाही. तुमची गाडी बहुतेक हवा घेतेय, म्हणजे कुठल्यातरी फटीतून जास्तीची हवा आत शिरतेय.

मी अठ्ठावीस वर्षं कार्बच्याच गाड्या करतोय, आधी नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली, आता धायरीला स्वतःचं शेड आहे. "कार्ब बदलायचाय" म्हणून आलेल्या दहातल्या सहासात गाड्या माझ्याकडून जुन्याच कार्बवर परत जातात, आणि त्यात माझं नुकसान आहे हे मलाही कळतं, पण असो.

पहिलं काम घरीच करा, पाच मिनिटांचं आहे. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद. कार्बच्या बुडाशी जी आडवी सळी दोन्ही बाजूंनी बाहेर येते तो थ्रॉटल शाफ्ट, ॲक्सिलरेटरची लिंकेज त्यालाच लागते. तो फिरवायचा नाही, चिमटीत धरून वर-खाली हलवायचा. नवा कार्ब असेल तर काहीच जाणवत नाही. चाळीस वर्षांच्या सोलेक्समध्ये टक टक असं हाताला कळतं, कधी कधी तर कानाला ऐकू येतं. बॉडी मऊ धातूची, शाफ्ट स्टीलचा, स्प्रिंगनं एकाच बाजूला ओढलेला, मग भोक अंड्यासारखं होत जातं. आता इंजिन चालू करा, स्लोवर ठेवा आणि ऑइलकॅनने शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब इंजिन ऑइल सोडा. ते ऑइल आत खेचलं जाताना दिसतं. त्या दहाबारा सेकंदांत स्लो एकदम गुळगुळीत झाला आणि मग पुन्हा लडबडायला लागला तर दुसरं काही शोधू नका, हवा तिथूनच जातेय. बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा फवारा मारतात, मी गरम मॅनिफोल्डवर तो मारत नाही आणि तुम्हीही मारू नका, थेंबभर ऑइलनं काम होतं.

यावर इलाज म्हणजे बॉडीचं भोक रीम करून (गोल, मोठं करून) त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, मारणं. भोसरीला लेथवाले हे करून देतात, फक्त त्याला सांगा की दोन्ही बुश एका लाइनीत आले पाहिजेत, एकाच सेटिंगमध्ये आरपार रीम कर, नाहीतर बुश नवे आणि शाफ्ट जाम अशी गत होते. शाफ्टवरच्या बटरफ्लायचे, म्हणजे हवेच्या गोल झडपेचे, दोन छोटे स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, ते सरळ स्क्रू ड्रायव्हरने फिरवायला गेलात तर शाफ्टमध्येच तुटतात, आधी मागचं पसरलेलं टोक घासून घ्या. आणि परत बसवताना नवे स्क्रू टाकून पुन्हा पसरवा, कारण तो स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

यासोबत बाकीचं पण बघून घ्या: टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग, आणि कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचा आकडा किती आला यापेक्षा चारी सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का ते महत्त्वाचं. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते मोजणारं) मिळालं तर फारच छान. पुस्तकात स्लोवर 17 ते 21 इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, आणि पुणं साडेपाचशे मीटरच्या वर म्हणजे अठराशे फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे 15 ते 19 आला तरी ठणठणीत समजा. एक पोरगा यूट्यूब बघून आला होता, 16 इंच येतंय म्हणून रिंगा बदलायला निघालेला.

आता तिसरी गोष्ट, जी आमच्या उस्तादांच्या काळात नव्हतीच. पेट्रोल. तुमची गाडी 1986 ची, तिचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी कार्बमधली पितळी भोकं) त्या वेळच्या पेट्रोलला काढलेत. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या जवळजवळ 35 टक्के, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. उलटून सांगायचं तर तेवढ्याच हवेला आता आठनऊ टक्के जास्त पेट्रोल द्यायला पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, ती आपलं आपण जुळवून घेते. कार्बला काय कळतंय? जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच, मग गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, पिकअपला खड्डा पडतो, कार्बमधून खोकते, आणि घाटात दम जातो.

जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, 120 म्हणजे 1.20 मिमी. व्यास 120 वरून 125 केला तर चार टक्केच वाढला असं वाटतं, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. म्हणजे एक पायरी वर गेलात की हिशोब जवळपास बसतो. त्यात पुण्याची उंची थोडी आपल्या बाजूने आहे, हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ, त्यामुळे तोच कार्ब इथे मुळातच अडीच-तीन टक्के रिच (पेट्रोल जास्त) चालतो. म्हणून मी मेन जेट (पाय दाबल्यावर काम करतो तो) 125 टाकून सुरुवात करतो आणि मधला 122.5 हाताशी ठेवतो. स्लो जेटसुद्धा एक पायरी वाढवावा लागतो, हे बरेच जण विसरतात. मिक्श्चर स्क्रू फिरवून स्लो जुळतो हो, पण पाय दाबल्यावर स्लोवरून मेनवर जाताना जो खड्डा पडतो तो स्क्रूने जात नाही.

हे तुमच्या गाडीत आहे का ते बघायची सोपी ट्रिक आहे. मोकळ्या रस्त्यावर गरम इंजिनाने तिसऱ्या गिअरला अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालवा आणि चोक अगदी किंचित ओढा. गाडीला जीव आला तर लीन आहे. नुसती घुमली, जड झाली, तर नाही. पाय पूर्ण दाबून हे करू नका, कारण बऱ्याच सोलेक्सचा चोक झडपेचा नसतो, वेगळा स्टार्टर असतो, त्याला पेट्रोल ओढायला व्हॅक्यूम लागतो आणि पूर्ण दाबल्यावर व्हॅक्यूम उरतच नाही, मग काहीच फरक पडणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

आणि जेटमध्ये तार घालू नका! पितळ आहे ते, मऊ असतं. गिटारची तार, सुतळीची सुई, साडीची पिन, सगळं घातलेलं बघितलंय मी. मग जेटवर 120 लिहिलेलं असतं आणि भोक देवाला माहीत किती झालेलं. तुमच्या कार्बचे जेट आत्ता खरंच तेवढेच आहेत का याची खात्री नसेल तर नवा सेट टाका आणि मगच पुढचं बोला.

ई20 चा दुसरा त्रास रबराला. जुने होज आतून फुगतात, मऊ पडतात, त्याचे काळे कण फ्लोट चेंबरमध्ये (कार्बमधल्या पेट्रोल साठायच्या कप्प्यात) येऊन बसतात, पंपाचा डायफ्राम आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम पण जातो. होजवर जे30आर9 असं छापलेलं बघून घ्या, आतून फ्लोरो रबर असतं त्याला. मीटरमागे महाग आहे पण टाकीपासून कार्बपर्यंत रबरी तुकडे असतात किती, थोडेसेच. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीचं बूड पण बघा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाला बसलं की पत्रा आतून गंजतो.

एवढं सगळं झालं आणि तरी मन मानत नाही, ट्विन बॅरल हवाच, तर मग आता बोलू. हौस म्हणून केलं तरी काही हरकत नाही, मी पण हौसेनंच या धंद्यात आलो.

कार्ब मोठा केला की ताकद वाढते असं नसतं. चुलीला फुंकायची फुंकणी बघितलीय ना, बारीक असते म्हणून वाऱ्याला जोर असतो. तीच फुंकणी पाच इंची पाइपाची केली तर तुमच्या छातीत हवा तेवढीच आहे, निखारा हलणार पण नाही. कार्बच्या घशाचं, म्हणजे व्हेंच्युरीचं, अगदी तसंच आहे. हवा अरुंद जागेतून जोरात गेली की तिथला दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबानेच पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. घसा मोठा आणि इंजिन लहान, तर हवा रमतगमत जाते, पेट्रोल थेंबाथेंबाने येतं, नीट फुटत नाही.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा भरतं, तर पाच हजार आरपीएमला कागदावर मिनिटाला 2722 लिटर हवा, आणि प्रत्यक्षात ऐंशी टक्के भरतं धरलं तर पावणेबावीसशे लिटर. एवढीच मागणी आहे. वेबर 32/36 च्या पहिल्या घशाची व्हेंच्युरी 26 ची आणि दुसऱ्याची 27 ची, तो कार्ब फोर्डच्या 1600 आणि 2000 सीसीच्या इंजिनांवर शोभून दिसायचा. तुमच्या इंजिनावर तो चालेल, चालत नाही असं नाही, पण खाली थुलथुलीत वाटेल, दुसरा घसा उघडायची वेळ क्वचित येईल, आणि मॅनिफोल्डचं (कार्बपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीचं) भोक मूळचंच लहान असल्यामुळे वर दोन घसे ठेवूनही हवा शेवटी त्याच एका भोकातून जाणार आहे. शिवाय बाजारात डुप्लिकेट वेबर इतके आलेत की खोका उघडून फ्लॅंज (कार्बचं बसायचं सपाट तोंड) काचेवर ठेवल्याशिवाय मी हात लावत नाही.

साइड ड्राफ्टचं, म्हणजे आडव्या कार्बचं, तर नावच काढू नका. 2004-05 च्या सुमाराला बाणेरच्या एका हौशी माणसाच्या फियाटला मी दोन वेबर 40 डीसीओई बसवले होते, मॅनिफोल्ड स्वतः पाइप वेल्ड करून बनवला, दिसायला असं देखणं की गाडी रस्त्यात थांबवून लोक बॉनेट उघडायला लावायचे. तीन हजार आरपीएमच्या वर गाडी खरंच ओरडायची. पण एफसी रोडला वीसच्या स्पीडने रांगेत चालताना खोकून खोकून जीव घ्यायची. चूक माझीच होती, आतले चोक ट्यूब (व्हेंच्युरी) लहान टाकायला हवे होते, मी आहेत तसेच ठेवले, आणि इलेक्ट्रिक पंपाचा दाब पण बघितला नाही. वेबरला तीनेक पीएसआय पुरतात, त्याच्या वर गेलं की नीडल बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन वाहतं. दीड महिन्याने त्या माणसाने स्वतःच सांगितलं, काढा बाबा.

(मॉरिस मायनरवाल्यांना एसयू कार्ब असतो, त्यांची मजा वेगळी. त्याचा घसाच हवेप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे थोडा मोठा टाकला तरी खपून जातो. पण पद्मिनीला तो आडवा बसवायला मॅनिफोल्डच बदलावा लागतो, म्हणून सोडून देतो.)

मग काय टाकायचं? मारुतीचा. जुन्या कार्बवाल्या 800 चा मिकुनी पद्धतीचा ट्विन बॅरल, नाहीतर थोडा मोठा हवा असेल तर कार्बवाल्या एस्टीमचा. पहिला घसा लहान असतो, गावातल्या गावात तोच चालतो म्हणून खालचा पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतं, आणि दाबला की दुसरा उघडतो. 800 चं इंजिन 796 सीसीचं असलं तरी ते फिरतं जास्त, त्यामुळे हवेची मागणी पद्मिनीच्या फार मागे नसते. माझा कल 800 च्या कार्बकडे आहे. घाटात सतत जाणारे असाल, वर दम हवा असेल, तर एस्टीमचा. 2000 च्या सुमाराला मारुतीने 800 मध्ये एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) आणलं आणि कार्ब बंद झाला, त्यामुळे आता मिळतो तो बहुतेक जुनाच. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर एखादा दिसेल, पण तिथेही तेच, आधी शाफ्ट हलवून बघा. झिजका सोलेक्स काढून झिजका मिकुनी बसवला तर काय मिळवलं?

बसवताना सगळी गंमत ॲडॅप्टर प्लेटमध्ये आहे. सोलेक्सचा फ्लॅंज दोन स्टडचा, मारुतीचा चार बोल्टचा. मी दोन प्लेटी करतो, ॲल्युमिनियमच्या, खालची मॅनिफोल्डला काउंटरसंक ॲलन बोल्टने, वरची खालच्या प्लेटला, आणि कार्ब वरच्या प्लेटवर. दोन घशांचं मिळून एका भोकात उतरायचं असतं, तर मधे फनेलसारखा उतार पाहिजे, पायरी नको. पायरी राहिली की पेट्रोल तिथे साचतं आणि ब्रेक मारला किंवा वळलं की एकदम आत जातं. माझ्या पहिल्या प्लेटीत अशी पायरी होती, नवले पुलाच्या उतारावर गाडी प्रत्येक वळणाला गुरगुरायची आणि मला आठ दिवस कळेना. उंची कमीत कमी पाऊण ते एक इंच ठेवा म्हणजे दोन्ही घशांतलं मिश्रण खाली उतरेपर्यंत एकत्र होतं, फक्त आधी मातीचा गोळा, म्हणजे पोरांची क्ले असते ती, एअर फिल्टरच्या नटावर ठेवून बॉनेट हळूच लावून बघा किती दबते. बॉनेटला फिल्टर लागला तर सगळी मेहनत वाया.

प्लेट लेथवरून आली की सरळ बसवू नका. जाड काच घ्या, त्यावर 320 चा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा, प्लेटीच्या तोंडावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारा आणि आठच्या आकड्यात घासा. जिथल्या रेघा राहिल्या तिथे खोलगट आहे. सगळ्या रेघा एकसारख्या जाईपर्यंत घासायचं, कंटाळा येतो, रेडिओ लावायचा. कार्बचा फ्लॅंज पण तसाच बघा, जुने फ्लॅंज बोल्ट जास्त आवळल्याने कोपऱ्यात वाकलेले असतात. हे नीट झालं की पातळ पॅकिंग पुरतं, नाही झालं तर सिलिकॉन थापत बसाल, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून निघतं, त्याचे तुकडे आत जातात.

प्लेट आणि कार्ब यांच्यामध्ये हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या बेकेलाइटसारख्या पत्र्याचा) सहा-आठ मिमीचा स्पेसर टाका. खाली एक्झॉस्टची धग असते, ॲल्युमिनियम ती थेट वर पोचवतं, आणि मे महिन्यात विद्यापीठ चौकात वीस मिनिटं अडकलात की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल अक्षरशः उकळतं. त्यात इथेनॉल 78 डिग्रीला उकळतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की त्याच्यातला हलका भाग आणखी लवकर वाफ होतो. गरम गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी चालू होईना, पेट्रोलचा वास येतोय, ही त्याचीच खूण.

कार्बचं तोंड कुठे करायचं? फ्लोट चेंबर गाडीच्या पुढच्या बाजूला. चढावर पेट्रोल मागे सरकतं म्हणजे जेटकडे येतं, उलटं लावलंत तर चढावरच जेट कोरडे पडतात, आणि मग घाटात दम जातो म्हणून कार्ब बदलला आणि घाटातच दम जातो असं व्हायचं.

मारुतीच्या कार्बवर एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारी पेट्रोलची छोटी झडप) असतो, त्यातून वायर बाहेर आलेली दिसेल. त्याला इग्निशनचे 12 व्होल्ट द्यायचेत, चावी ऑन केल्यावर बारीक टिक असा आवाज आला पाहिजे. हे न दिल्यामुळे "स्लोच राहत नाही" म्हणून माझ्याकडे टोइंग करून गाड्या आल्यात. वायरला फ्यूज टाका, कॉइलवरून थेट ओढू नका.

लिंकेज म्हणजे डोकेदुखी, पद्मिनीच्या सळ्या आणि मारुतीची केबल यांचं जमत नाही, ब्रॅकेट बनवून केबल टाकलेलं बरं. बसवल्यावर एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही वरून बघा बटरफ्लाय सरळ उभी होतेय का. निम्म्या गाड्यांत ती पाऊणच उघडते आणि मालक म्हणतो नवीन कार्बने काही फरक पडला नाही. परत यायला दोन स्प्रिंग लावा, एक तुटली तरी दुसरी पाहिजे. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती कार्बवर बटरफ्लायच्या किंचित वर असलेल्या नळीला जोडा, खालच्या नाही. न वापरलेल्या सगळ्या नळ्यांना टोप्या, एक जरी उघडी राहिली तरी पुन्हा हवा घेणार.

मग जेटिंग. एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. फ्लोट लेव्हल आधी, मग स्लो, मग पहिल्या घशाचा मेन, सगळ्यात शेवटी दुसऱ्याचा. 800 चा कार्ब पद्मिनीवर आला की मेन जेट दोन-तीन पायऱ्या वर जातातच. मी टेस्टला सकाळी सहाला निघतो, स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रज आणि तिथून जुना घाट, कारण रस्ता मोकळा असतो आणि चढ सलग मिळतो. तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून चढवायची, मग एकदम क्लच दाबून चावी ऑफ, आणि बाजूला घेऊन प्लग खोलायचा. चावी ऑफपर्यंतच फिरवा, त्याच्या पुढे नेलीत तर स्टिअरिंग लॉक होईल आणि घाटात ते परवडणारं नाही. मागे गाडी असेल तर हा उद्योग करूच नका. प्लगच्या पोर्सिलेनला अगदी मुळाशी फिकट बिस्किटी कडा दिसली पाहिजे. आताच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि वर इथेनॉल, त्यामुळे जुन्या मेकॅनिकने सांगितलेला गडद चॉकलेटी रंग शोधत बसलात तर गाडी नक्की रिच करून ठेवाल.

पैसे असतील तर एक्झॉस्टला सेन्सर बसवायचं बोळकं वेल्ड करून वाइडबँड मीटर (मिश्रण लीन की रिच ते दाखवणारं) लावा. मीटर लॅम्डावर (1 म्हणजे बरोबर, कमी म्हणजे रिच) ठेवा, हवा-पेट्रोलच्या आकड्यावर नको, कारण तो आकडा 14.7 धरून काढलेला असतो आणि आपलं पेट्रोल आता ते नाही. पूर्ण दाबल्यावर 0.85 ते 0.88, आणि सत्तरच्या स्पीडला आरामात चालताना 1 च्या आसपास.

पुण्यात जुळवलेली गाडी वाई-पाचगणीवरून महाबळेश्वरला नेलीत तर तिथे ती थोडी रिच वाटेल, साडेतेराशे मीटरवर हवा बरीच विरळ असते. घाबरू नका, जेट बदलू नका, खाली आलात की ठीक होते. पीयूसीला तुमच्या गाडीची सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा 3 टक्के आहे, बुश मारलेल्या कार्बला ती सहज मिळते.

अपेक्षा पण सांगून ठेवतो, जेमतेम चाळीसेक घोड्यांचं इंजिन आहे. नीट जुळलेल्या मारुतीच्या कार्बवर माझ्या हातच्या पद्मिनी 13-14 देतात, खाली पिकअप तडक होतो, घाट तिसऱ्यावर चढतो. उडत नाही कुणी. आणि खरं सांगू का, बुश मारून 125 टाकलेला सोलेक्स यातलं जवळपास सगळं देतो, फक्त हायवेला ऐंशीच्या पुढे मारुतीवाली मोकळी वाटते.

पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टर न लावता, हाताशी अग्निशामक सिलिंडर ठेवून, आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून बघा ओला होतोय का. पंधरा मिनिटं गरम झाल्यावर पुन्हा. कार्बचे बोल्ट दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर परत एकदा आवळा, पॅकिंग बसलेलं असतं. आणि काढलेला सोलेक्स विकू नका, पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी फिल्टर काढा, शाफ्ट हलवून बघा, ऑइलचा थेंब सोडा आणि स्लोला काय झालं ते इथे लिहा. जेटवरचे नंबर पण वाचून सांगा, भिंगाने बघा, फार बारीक असतात.